तोंडाकडची बाजू

घण भिंतीच्या मधोमध मारायचा नसतो. कडेने सुरुवात करायची, आणि पळायची वाट पाठीशी मोकळी ठेवायची.

जठराच्या अस्तराला कापलेलं कळत नाही. जाळलेलंही कळत नाही. हवेने फुगवलं की मात्र माणूस तळमळतो.

ओल्या हातमोज्याची थप्पड कोरड्या हाताच्या थपडेपेक्षा मोठी वाजते.

स्टीलच्या टाचण्या अकरा, निळी एक.

"यांना रागामुळे पोटात दुखतं, का पोटात दुखतं म्हणून राग येतो, ते देवालाच ठाऊक," बायको म्हणाली. "मी आपली फुटलेल्या बशा गोळा करते."

एका मुकादमाचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तीन महिने तो नळीने जेवत होता.

हे सगळं एकाच माणसाभोवतीचं. तो पाडकाम करायचा. जुन्या इमारती, बंद पडलेले कारखाने, पाण्याच्या टाक्या, जे उभं असेल ते आडवं करायचं. वय चव्वेचाळीस, मान खांबासारखी, आणि जठरात, खालच्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढा एक चपटा डाग. कर्करोगच, पण नुकता उगवलेला. मुळं खाली गेली नव्हती.

"नशीबवान आहेस," सर त्याला म्हणाले होते. "पोट फाडायला नको. तोंडातून दुर्बीण घालू आणि आतल्या आत सोलून काढू."

"बटाट्यासारखं?"

"बटाट्याला एवढी काळजी घेत नाहीत."

सर म्हणजे दुर्बिणीच्या खोलीचे राजे. हात सोन्याचे, तोंड गटाराचं, आणि पाय मोकळे. त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढलेली सिस्टर. सरांचे दोन्ही हात दुर्बिणीत गुंतलेले असायचे, म्हणून चिमटा उघडणारा, मिटणारा तिसरा हात तिचा. सर स्टूल लाथाडायचे, ट्रे भिरकावायचे, बोटांवर चिमट्याची मूठ हाणायचे. तिने एकदा वर तक्रार केली, तर मोठे साहेब हसून म्हणाले, "दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या असतात, सिस्टर." ती म्हणाली, "दूध तुम्ही पिता, साहेब." आणि खाली येऊन पुन्हा कामाला लागली.

पहिल्या वेळी दीड तास सगळं सुरळीत चाललं. सरांनी डागाभोवती ठिपके जाळले, खाली निळसर पाणी भरलं, अस्तर फोडासारखं वर आलं, आणि बारीक सुरीने कडेकडेने सुटत गेलं. "उघड. धर. सोड." खोलीत तेवढेच तीन शब्द.

शेवटचे दोन धागे तुटले आणि त्यांच्याखालची रक्तवाहिनी फुटली.

पडदा लाल. नुसता लाल.

"धर! धर म्हणतोय ना!"

"दिसत नाही सर."

"मला दिसतंय का? मला काय कपाळावर डोळा आहे?"

पाणी मारलं, लाल. ओढून घेतलं, पुन्हा लाल. आत नळ फुटल्यासारखी धार लागलेली, आणि बाहेर उशाशी बसलेली भूलवाली नाडीचे आकडे मोठ्याने वाचत होती, एकशे दहा, एकशे अठ्ठावीस. दोनदा चिमटा रिकामा मिटला. तिसऱ्यांदा सिस्टरच्या मुठीला ओळखीचा ताण लागला. सरांनी जाळलं. धूर निघाला, आणि लाल पाण्याखालून हळूहळू गुलाबी रंग वर आला.

आता त्या खोलीतली एक रीत सांगायला हवी. सुटलेला तुकडा बाहेर ओढताना चिमटा नेहमी तोंडाकडच्या कडेला लावायचा. बाहेर आला की त्याच कडेला निळी टाचणी टोचायची, बाकी सगळीकडे स्टीलच्या. मग थर्माकोलवर ताणलेला तुकडा औषधात बुडवून लॅबकडे. त्यामुळे लॅबवाल्या मॅडमना कळायचं, जठरात वरची बाजू कुठली नि खालची कुठली. ही रीत सिस्टरनेच बसवली होती. कुठे लिहून ठेवलेली नव्हती.

त्या दिवशी सरांनी तुकडा रक्तात तरंगताना हाताला लागेल तिथे पकडला. तो दातांच्या बाहेर आला आणि त्यांची ओली थप्पड सिस्टरच्या मनगटावर पडली.

"दोनदा चुकलीस! माणूस मेला असता!"

चिमटा ट्रेवर आपटला. तुकडा निसटून पालथा पडला. उकडलेल्या टोमॅटोच्या सालीसारखा, लांबट, दोन्ही टोकं सारखीच.

"सर, तोंडाकडची बाजू कुठली?"

"तुझ्या तोंडाकडची! डोळे आहेत का बटणं?"

तिने तुकडा सरळ केला, फिरवला, पुन्हा फिरवला. मनगट ठणकत होतं. तिने निळी टाचणी एका कडेला टोचली.

अंदाजाने.

रिपोर्ट दहाव्या दिवशी आला. डाग वरवरचा, खोल गेलेला नाही, तीन कडा स्वच्छ. फक्त निळ्या टाचणीच्या कडेला रोगट पेशी अगदी काठापर्यंत पोचलेल्या. म्हणजे त्या बाजूला थोडा रोग आत राहिलाय.

"जखम भरू दे," सर म्हणाले. "दोन महिन्यांनी तोंडाकडची बाजू पुन्हा सोलतो."

सिस्टरने तेव्हाच बोलायचं होतं. ती ड्रेसिंगच्या कपाटाशी गेली, कपाट उघडलं, लावलं. छापा-काटाच तर आहे, तिने स्वतःला समजावलं. निम्म्या वेळा आपण बरोबर असतो. आज सांगू, उद्या सांगू. आठवडे असे गेले की बोलणं रोज थोडं जड होत गेलं. टाचणी उलट्या कडेला असेल, तर सर चांगलं कातडं सोलतील, रोग पलीकडे तसाच राहील, आणि सगळे म्हणतील, झालं, सुटलास. आणि तो सुटलेला माणूस वर्षा-दोन वर्षांत हाडांचा सापळा होऊन परत येईल.

दुसऱ्या वेळेच्या आदल्या दिवशी तो रक्त तपासायला आला. बायको सोबत. बाकावर तो बसला की बाक संपायचा.

"कामाला जाताय ना अजून?" सुई काढत सिस्टरने विचारलं.

"जातात की," बायको म्हणाली. "ऐकतात कुणाचं? डॉक्टर म्हणाले वजन उचलू नका, तर हे म्हणतात घण उचलत नाही, फक्त खाली टाकतो."

तो हसला. "ताई, तुम्हाला कुणी सांगितलं असेल, मी मारकुटा आहे म्हणून."

"मुकादमाचं ऐकलंय."

"मग पूर्ण ऐका. कुठली भिंत आधी पाडायची, त्याच्यावर मुकादम खडूने फुली मारतो. त्याने भार असलेल्या भिंतीवर फुली मारली. आम्ही घातले घाव. वरचा मजला खाली आला. माझ्या जोडीदाराच्या डोक्याचं…" त्याने पंजा पसरला आणि मिटला. बायकोने तोंड फिरवलं. "मी त्याला मारलं ते फुली चुकली म्हणून नाही. फुल्या चुकतात. पण आमचा पहिला घाव पडला तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं. तोंडात शब्द होता आणि तो गप्प उभा राहिला. म्हणून ते तोंडच मोडलं."

सिस्टरने कापूस दाबून धरला. जरुरीपेक्षा जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी. तो भुलीत, कुशीवर. दुर्बीण जठरात. पडद्यावर चांदणीसारखा पांढरा वण. सरांनी वणाच्या वरच्या बाजूला, चांगल्या दिसणाऱ्या अस्तराभोवती, ठिपके जाळले.

"सुरी."

सिस्टरने सुरी दिली नाही.

"सुरी! बहिरी झालीस?"

"सर, टाचणी मी अंदाजाने लावली होती."

भूलवालीने मान वर केली. सर अजून पडद्याकडेच बघत होते.

"कसली टाचणी?"

"निळी. तुकडा ट्रेवर पालथा पडला होता. तोंडाकडची कडा मला माहीत नव्हती. रोग खालच्या बाजूला राहिलेला असू शकतो."

"दोन महिने!" सरांचा आवाज आधी बारीक झाला. "दोन महिने दातखीळ बसली होती?"

"हो."

लाथ नडगीवर बसली. बुटाच्या टोकाची. ती वाकली, पण तिने वाकताना यंत्राची वायर उपसली आणि मुठीत धरली. आता सुरीत वीज नव्हती.

"वायर लाव."

"आधी खालची बाजू बघा. रंग टाकून बघा."

"तू मला शिकवणार? धुणीभांडी करायच्या लायकीची बाई!"

दुर्बिणीच्या नळीवरचा उजवा हात सुटला आणि तिच्या तोंडावर बसला. दात ओठात रुतला. दुसरा फटका कानावर. ती भिंतीशी गेली, ट्रे खाली आला, चिमटे फरशीवर विखुरले. आधार सुटलेली दुर्बीण वीतभर बाहेर सरकली. झोपलेल्या माणसाला उबळ आली, त्याची मान ताठली, तोंडाच्या कडेने गुलाबी पाणी वाहिलं.

"सर! ऑक्सिजन पडतोय! शहाऐंशी! ऐंशी!" भूलवाली ओरडली, आणि तिने सरांना कोपराने असं ढकललं, की ते स्टुलावर आदळले. "मारामारी बाहेर जाऊन करा! माझा पेशंट आहे हा!"

तिने घशातलं पाणी नळीने ओढून काढलं, जबडा पुढे खेचला, प्राणवायू वाढवला. आकडे चढले. ब्याऐंशी. नव्वद. सत्त्याण्णव. सिस्टर भिंतीला टेकून रक्त गिळत होती. वायर मुठीतच होती.

सरांनी दुर्बीण पुन्हा आत घातली.

"रंग," ते म्हणाले.

तिने वायर खिशात टाकली, हातमोजे बदलले आणि रंग भरून दिला. निळं पाणी वणावर पसरलं. वरच्या बाजूला अस्तराची नक्षी एकसारखी, नांगरलेल्या शेतासारखी. खालच्या बाजूला, वणाच्या टोकाला लागून, एक जागा नक्षी सोडून बसलेली. लालसर, खडबडीत, मसुराच्या दाण्याएवढी.

सर पडद्याकडे वाकले.

"वायर."

तिने वायर लावली. नवीन ठिपके. नवीन पाणी. वणाखाली अस्तर चिकटलेलं, उचलायला तयार नाही, तरी सरांनी ते केसाकेसाने सोडवलं. सोन्याचे हात ते, खोटं कशाला बोला. "उघड. धर. सोड." तिच्या मास्कवर रक्ताचा डाग पसरत गेला. दोनदा रक्तवाहिनी दिसली, दोन्ही वेळा फुटायच्या आधी जाळली. तुकडा सुटला, तेव्हा सर थांबले. चिमटा तोंडाकडच्या कडेला नेला.

"धर."

तिने धरला. बाहेर आणला. निळी टाचणी टोचली, मग एकेक करून स्टीलच्या.

तो शुद्धीवर आला तेव्हा सिस्टर खाटेपाशी उभी होती. हात लांब केला तर पोचेल, एवढ्या अंतरावर. तिने त्याला नि त्याच्या बायकोला सगळं सांगितलं, थप्पड, ट्रे, पालथा तुकडा, दोन महिने. काही गाळलं नाही. बायकोच्या हातातली पाण्याची बाटली चुरमडत गेली.

त्याने सिस्टरचं मनगट पकडलं. हाडाला हाड लागेपर्यंत आवळलं. तिने हात ओढून घेतला नाही.

"तुम्ही कधी बोललात?" घसा सोललेला, आवाज खरखरीत.

"सुरी लावायच्या आधी."

पकड सुटली नाही, पण सैल झाली. मग त्याला तिचा ओठ दिसला.

"हे कुणी केलं?"

"तुम्ही झोपा."

"बोलण्याबद्दल?" तो उठायला लागला. सलाईनची नळी ताणली गेली, स्टँड कलंडला. "कुठाय तो?"

"अहो!" बायकोने दोन्ही हातांनी त्याची छाती दाबली. "आत्ता शिवलेलं… जाळलेलं… काय असेल ते, फुटेल ना!"

"झोपा म्हटलं ना," सिस्टर म्हणाली. "ते माझं मी बघते."

ती खाली कार्यालयात गेली. घटनांची नोंदवही मागितली. कारकून म्हणाला, "तोंड धुऊन या आधी." ती म्हणाली, "नाही, असंच लिहिते." वेळ लिहिली, खोली लिहिली. कुणी, कुठल्या हाताने, किती वेळा, कुठल्या पायाने. आधी स्वतःची चूक लिहिली, तारखेसकट. साक्षीदाराच्या रकान्यात भूलवाली स्वतः येऊन सही करून गेली. ओठातून एक थेंब पानावर पडला, कारकुनाने टिपकागद पुढे केला, तिने तो बाजूला सारला.

दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत सरांनी हाणलेल्या चिमट्याच्या मुठीखाली सिस्टरच्या डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं होतं, आणि त्याच नोंदवहीत तिने स्वतःच्या अक्षरात 'दारात सापडलं' असं लिहिलं होतं.