टाक, चार भाषांतला

मी एक जुना, आखूड शब्द आहे. माझे नाव टाक. मित्रांनो, हसू नका. तुमच्या घरात कुणी माझे नाव घेतले, तर दुसरा विचारील, "कुठे टाकू?" पण माझी घरे दूर युरोपात आहेत.

पोलिश भाषेत मी म्हणजे 'हो'. तिथला माझा जन्म 'तसे' अशा अर्थाच्या एका फार जुन्या शब्दापासून झाला. तुमचे 'तो' आणि 'तसा' माझे लांबचे नातेवाईक लागतात. स्वीडिशमध्ये मी म्हणजे छप्पर. तिथे माझे मूळ 'झाकणे' हे आहे. डच भाषेत मी फांदी आहे. तिथे टोकदार सुळक्याशी माझे नाते असावे, असे जाणकार म्हणतात. डॅनिशमध्ये मी म्हणजे आभार, आणि तिथे माझे मूळ 'विचार करणे' या शब्दाशी जुळते. खरे तर मी एक नाहीच. एकाच नावाचे चार शेजारी असतात ना, तसे आम्ही आहोत.

मी ज्या घरात कामाला लागलो, तिथे एक बाई मुलांसाठी देशोदेशीच्या आखूड शब्दांचा कोश लिहीत होती. पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचे दुकान होते. तो जुन्या खुर्च्या नव्या कापडाने मढवून द्यायचा. काम करताना त्याच्या तोंडात बारीक खिळे धरलेले असत, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. बाई समोरच्या मोडक्या खुर्चीवर बसून लिहिलेले वाचून दाखवायची. समजले तर त्याने हातोडीचा एक ठोका द्यायचा. नाही समजले तर हात थांबवायचा. मग ती खोडायची आणि पुन्हा लिहायची. त्याच्या ठोक्याशिवाय एकही शब्द छापायला जायचा नाही.

माझी पाळी आली तेव्हा तिने वाचले, "टाक. स्वीडिश. आच्छादनार्थी मूळ धातूपासून सिद्ध."

हात थांबला. त्याने खिळे तळहातावर काढले.

"हे आच्छादनार्थी कोण? तुझ्या माहेरचे का?"

"माझ्या माहेरची माणसं साधी आहेत हो."

"मग साधं लिही की."

तिने लिहिले, 'छप्पर. झाकणे या मुळापासून.' ठक. मी पास झालो.

"एवढासा जीव, पण चार घरचं मीठ खातो," ती मला म्हणायची. माझे तीन अर्थ असेच पास झाले. चौथा, आभाराचा, कच्चा राहिला. मग ती आजारी पडली. मग ती गेली. यापुढे त्याविषयी मला काही सांगता येत नाही.

कागद कपाटावर गेले आणि त्यांच्यावर धूळ बसली. तो जेवायचा, दुकान उघडायचा, दुकान बंद करायचा. लोक म्हणायचे, कामात मन रमते. त्याचे हात काम करत होते, एवढे खरे.

मग त्यांची लेक आली. कोशातल्या अर्ध्याच शब्दांना ठोका मिळाला होता. छापखान्याने कागद मागितले होते आणि ते दुसऱ्याच दिवशी द्यायचे होते. आईच्या पद्धतीप्रमाणे ती त्याच मोडक्या खुर्चीवर बसली आणि वाचू लागली. ठक. पुढचा शब्द. ठक. ज्या कामाला आईला महिने लागत, ते लेकीने एका दुपारी संपवत आणले. ती आधी खूश झाली. मग तिला शंका आली. माझा कागद हातात घेऊन ती म्हणाली, "टाक. मांजराची मावशी. लग्नाला कायम उशिरा येते."

ठक.

"बाबा."

"हं."

"मी आत्ता काय वाचलं?"

त्याने खिळे तोंडातून काढले. खुर्चीच्या एकाच काठावर त्याने इतके खिळे मारले होते की कापड दिसत नव्हते.

"नाही समजलं," तो म्हणाला.

"काय नाही समजलं?"

"एकही शब्द."

"अहो, मग ठोके कसले देत होतात?"

त्याने खिळ्यांनी भरलेल्या काठावरून बोट फिरवले. "ठोका नाही दिला की तुझी आई थांबायची. खोडत बसायची. घर गप्प व्हायचं. आता पुन्हा ते नको होतं."

लेकीने डोळे पुसले नाहीत, कारण हातात कागद होते. "उद्या देत नाही मी हे छापखान्यात," ती म्हणाली. "पहिल्यापासून वाचते. समजलं नाही तर बेधडक हात थांबवा. मी गप्प बसायची नाही. माझी बडबड तुम्हाला माहीत आहे."

"आहे," तो म्हणाला. पक्कड घेऊन त्याने खिळे उपटायला घेतले.

माझ्यापर्यंत यायला त्यांना पुष्कळ दिवस लागले. लेकीने वाचले, "टाक. डॅनिश. आभार. विचार करणे याच्याशी मूळ जुळते."

त्याने हातोडी खाली ठेवली. "विचार करण्याचा आणि आभाराचा काय संबंध?"

"आईने पुढे लिहिलंच नाही, बाबा."

"मग आपण बघू," तो म्हणाला.

मित्रांनो, मी अजून कच्चाच आहे. पण त्या दिवशी ठोका पडला नाही, याचे मला बरे वाटले. तुम्हाला कुणी काही वाचून दाखवले, सांगितले, तर उगाच मान डोलावू नका. समजले नाही तर तसे म्हणा, आणि सांगणाऱ्याला पुन्हा सांगू द्या. आम्हा आखूड शब्दांना एवढी काळजी पुरते.