समरजितची चाहती

नारायणबुवांच्या कीर्तनात त्यांची लेक भक्ती मागे उभी राहून झांज वाजवायची, साथीला गायची. रावपुऱ्यातल्या देवळात एकदा तिचा सूर चिरकला. श्रोत्यांत बसलेल्या समरजितने तेवढाच तुकडा फोनवर टिपला, त्याला कुत्र्याचं रडणं जोडलं आणि रील टाकली. दोघं बारावीला, एकाच क्लासमध्ये. भक्ती आत शिरली की कोणीतरी भुंकायचं. घरी ती पुस्तक उघडायची आणि कमेंट वाचत बसायची. सहामाहीत तिचे मार्क कोसळले. समरजित पहिला आला.

"देवावर सोड, बाळ," बुवा म्हणाले.

"देवाला आधीच पुष्कळ कामं आहेत, बाबा. हे माझं मी बघते."

बुवाच नेहमी सांगायचे, पूर्वरंगात, म्हणजे कथेआधीच्या निरूपणात, लोक डोलायला लागले की कच्चा कीर्तनकार तिथेच रमतो, आणि कथेला उभा राहतो तेव्हा माणसं चपला शोधत असतात. भक्तीने हेच पक्कं धरलं.

तिने मोहना नावाचं खातं उघडलं. राहणार जवळच्याच पादरा गावी. समरजितच्या प्रत्येक रीलखाली पहिली दाद मोहनाची. "काय टायमिंग आहे! बीजी मूक ने." असा गुजरातीतून आग्रह झाला की लगेच तो दुसरी टाकायचा. पूर्वपरीक्षेच्या मार्कांवर क्लासची खास तुकडी ठरणार होती, आणि हा रीलसाठी लहरीपुऱ्याच्या दरवाजाखाली नाचत होता. भक्ती दाद द्यायची, फोन आईकडे टाकायची आणि फिजिक्स घेऊन बसायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याने मोहनाला विचारलं, "आज लाईव्ह येऊ की वाचत बसू?"

भक्तीचं बोट जरा थबकलं. मग तिने लिहिलं, "वाचणारे ढीगभर आहेत. तू एकच."

तो आला. रंगलाही.

निकाल लागला. भक्ती खास तुकडीत, समरजित बाहेर. क्लासच्या जिन्यात तो भेटला.

"अभिनंदन हं. सर म्हणतात, रीलनी माझा घात केला. त्यांना काय कळतंय? पादऱ्याची एक मुलगी आहे, तिला कळतं. परीक्षेपासून गप्प झालीय, एवढंच."

"तिचं काम झालं."

"तू ओळखतेस तिला?"

भक्तीने आपल्या फोनवर मोहनाचं खातं उघडून त्यातले त्याचेच मेसेज त्याच्यापुढे धरले. त्याने वाचलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने विचारलं, "म्हणजे माझी एकही रील चांगली नव्हती?"

एक होती. रिक्षावाल्याच्या नकलेची. ती पाहून भक्ती पोट धरून हसली होती.

"एकही नाही," ती म्हणाली आणि खास तुकडीच्या वर्गात शिरली.