वाणवळ्याची तूर

द्वारकाबाईच्या रानात तुरीखाली पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. बांधाच्या अलीकडं, बब्रुवानच्या तुरीखाली, काळी माती झाडून काढल्यासारखी स्वच्छ. एक फूल गळलं नव्हतं.

"भावजी, आमच्या तुरीनं समदं अंग झाडलं, आन तुमची नवरीवानी नटून उभी! रोज दिष्ट काढता का काय तिची?" द्वारकाबाई बांधावरून बोलली.

"सुनंची करामत हाय," बब्रुवान मिशीत हसला.

सून, अक्षदा, तान्ह्या समृद्धीला खांद्यावर घेऊन मागं उभी होती. तिला हसू येईना. जळकोटच्या ह्या रानात ह्या न गळणाऱ्या तुरीचं बियाणं तिनंच आणलं होतं. नोकरीच्या प्रयोगशाळेतून मूठभर, कुणाला न विचारता. सासऱ्यांची दरसालची फूलगळ तिला बघवत नव्हती. फुलाच्या देठाशी पेशींची एक बारीक ओळ असते. एक जनुक तिला 'आता सोड' म्हणून सांगतं, तेव्हा फूल गळतं. ह्या वाणात ते जनुक मुकं केलं होतं. गेल्या साली विहिरीच्या पाण्यावरचा पट्टा शेंगांनी नुसता वाकला.

औंदा पाऊस लवकर गेला.

तिनं एक शेंग सोलली. आत दाणा नाही. दुसरी सोलली, तीही पोचट. खालची पानं वाळून खडखडत होती, बुंधा सुरकुतला होता, आणि शेंड्याला पिवळाजर्द बहर. पाणी तुटलं की झाड फुलं टाकतं. पोसवतील तेवढीच लेकरं ठेवतं. ह्याला टाकताच येईना. साऱ्यांना पाजत पाजत ते मुळापासून मरत होतं. अक्षदानं समृद्धीला छातीशी घट्ट धरलं.

"मामा, ही तूर उपटायला पायजे. आजच."

"भरल्या फुलाची? येडी का खुळी तू?"

"ह्यातलं बी कुणाला दिलंय का हो?"

"दिलं की! नवं पीक, वाणवळा नगं का द्यायला? भावकीत, सोयऱ्यांत पायली पायली वाटलं. कुणी डाळ केली न्हाय बघ, समद्यांनी पेरलं."

तिनं येडशीला नणंदेला, निकिताला, फोन लावला.

"वहिनी, लई झ्याक तूर हाय! एक फूल खाली न्हाय. आमी तर घरचं जुनं बी ठेवलंच न्हाय औंदा."

फोन ठेवून अक्षदा सासऱ्यांकडं वळली.

"मामा, आपलं जुनं बी?"

"त्याचंच वरण खातीस की रोज."

जुन्या वाणाची तूर आता नजरेच्या टप्प्यात एकच उरली होती, द्वारकाबाईची. सडा टाकून झाल्यावर अंगावर राहिलेल्या मोजक्या फुलांची. त्या शेंगा तरी भरणार होत्या. ह्या तुरीचा पराग तिथवर गेला नाही, तर तेवढंच जुनं बी शुद्ध उरणार होतं.

अक्षदानं लेक सासऱ्यांच्या हातात दिली, पदर खोचला आणि पहिलं झाड बुंध्याला धरून ओढलं. ते अलगद निघून आलं. शेंड्यावरच्या मधमाश्या एकदम उठल्या आणि परागानं पिवळे झालेले पाय घेऊन, बांध ओलांडून, द्वारकाबाईच्या उरल्यासुरल्या फुलांवर जाऊन बसल्या.