मोटारीचा कौल

मोटारीतल्या देवीने रविवारी दुपारी, भर गर्दीत, आपण नाही असं स्वतःच सांगितलं. गावात विचाराल तर असं काही झालेलंच नाही. त्या दुपारी म्हणे अख्खं गाव कांदा काढायला गेलं होतं. आमच्याकडे कांदा होत नाही, पण ते असो. आपणही काही झालं नाही असं धरू आणि शुक्रवारपासून सुरुवात करू.

शुक्रवारी चावडीपुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध लालासाहेबांची मोटार. लालासाहेबांचं कोचीनला सोनं गाळायचं दुकान. विट्याच्या बाजूची माणसं या धंद्यासाठी देशभर पांगलेली, त्यामुळे हे काही नवल नाही. त्यांनी तिकडून ही जुनी विलायती गाडी आणली, ड्रायव्हर धोंडीबाच्या ताब्यात दिली आणि ते रेल्वेने परत गेले. बघता बघता धोंडीबाचा धोंडीबा महाराज झाला. खाकी टोपी गेली, भगवा फेटा आला. हॉर्न तेवढा तोच राहिला, तो आरतीला वाजायचा.

चमत्कार असा. महाराज गाडी बंद करायचे, किल्ली काढून सगळ्यांना दाखवायचे. थोड्या वेळाने, आत चिटपाखरू नसताना, मोटारीच्या पोटातून घुर्र आवाज निघायचा आणि पुढच्या जाळीसमोर धरलेली झेंडूची पाकळी सर्रकन आत ओढली जायची. पाकळी आत गेली की कौल 'होय'. खाली पडली की 'नाही'. देवळात पाषाणाला कौल लावतात तसाच, फक्त या देवीला चार चाकं होती.

"किल्ली माझ्या हातात!" महाराज ओरडायचे. "मग ह्यो श्वास कुनाचा? आईचा! आई डिझेल शिवत न्हाई, निव्वळ पेट्रोल घेती! आनि घाटाचं वारं लागल्याबगर भरात येत न्हाई!"

त्यामुळे महत्त्वाचा प्रश्न असला की माणसाने पेट्रोल आणायचं, महाराजांनी गाडी रेवणगावच्या घाटात पिटाळून आणायची, मग पाकळी. चौऱ्याहत्तर साल, पेट्रोलचे भाव आभाळाला टेकलेले. देवीचा मात्र खप वाढत होता. ज्याच्यावर महाराजांची मर्जी नसे, त्याला पाकळी गाडी जागची हलायच्या आतच धरावी लागायची.

पण अमावस्येपासून आईने श्वासच घेतला नव्हता. घाट झाला तरी नाही. पेट्रोल ओतलं तरी नाही. ज्याला त्याला एकच उत्तर, आणि गावाचा गाडा जागच्या जागी थांबला. नानासोने दाढी करावी का म्हणून विचारलं. 'नाही' आलं तेव्हा एक गाल झालेला होता. ज्योतिबाने म्हैस विकू का विचारलं, नाही. मग ठेवू का, तरी नाही. तेव्हापासून ती म्हैस गोठ्याच्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर उभी होती आणि दूध द्यायचं की नाही याचा विचार करत होती.

इथवर मलाही मजा वाटत होती. मग आकारामनाना पाकळी घेऊन पुढे आले आणि मजा संपली.

आकारामनाना माझे चुलते. त्यांची शालन मॅट्रिक झालेली. मिरजेच्या दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणाला तिची निवड झाली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. तिची ट्रंक भरून ओट्यावर ठेवलेली होती. नाना म्हणाले होते, "आई व्हय म्हनली तर जा."

नानांनी पाकळी धरली. गर्दी श्वास रोखून उभी. पाकळी खाली पडली.

"पडनारच की!" महाराज गरजले. "पोरगी परमुलखात जानार, परक्या बाप्यांना सुया टोचनार! आई रुसली ती हिच्यापायी!"

दोनशे डोळे शालनकडे वळले. "हिच्यापायी माझी म्हस दारात अडकली व्हय?" ज्योतिबा म्हणाला. शालन घरी आली, ट्रंक उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. रात्रभर ती कडी वाजत होती.

शनिवारी सकाळच्या एसटीने तिचा थोरला भाऊ अर्जुना रजेवर आला. तो लष्कराच्या मोटार दुरुस्तीत. त्याने चहाबरोबर सगळी हकीकत ऐकली आणि उठून सरळ धोंडीबाकडे गेला. मागे शालन, तिच्यामागे मी.

"महाराज, घाटात गाडी उकळती का रं?"

"उकळती," महाराज हळूच म्हणाले. "आईचा कोप हाय."

"लालासाब कवा येनार?"

महाराजांचा फेटा किंचित खाली आला. "पुढल्या हप्त्यात."

"इंजन जाम झालं तर आईला धरतील का तुला? बॉनेट उघड."

गाव जेवायला बसलं होतं. बॉनेट उघडलं. इंजिनाचा नेहमीचा पंखा पट्ट्यावर फिरणारा, तो ठीक होता. पण रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आड, आणखी एक विजेचा पंखा होता. घाटात पाणी जास्त तापलं तर मदतीला म्हणून कोचीनला कुणीतरी बसवलेला जादा पंखा. तो दिसतच नव्हता. पाकळ्या, कुंकू, अंगारा, नारळाच्या शेंड्या, सगळ्याचा लगदा होऊन पात्यांवर बसला होता.

"एवढा नैवेद्य खाल्ला तर कुनाचंबी पोट बिघडंल," मी म्हणालो.

अर्जुनाने लगदा काढला. पातं बोटाने फिरवलं, करकरत फिरलं. बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला जोडल्या. पंखा हलला नाही, नुसता जळका वास आला. "मोटर खतम. अडकून अडकून जळली." मग गाडी चालू ठेवून पाणी चांगलं तापू दिलं आणि पंख्याकडे येणाऱ्या वायरींना एक छोटा बल्ब लावला. बल्ब लागला. "वायर बरोबर, स्विचबी बरोबर. नुसता पंखा बदलायचा."

"ह्यो स्विच काय करतो?" शालनने विचारलं.

"पानी तापलं की करंट सोडतो. निवलं की तोडतो."

"म्हंजी गाडीला ताप आला की पंखा फिरतो?"

"व्हय."

"आनि किल्ली काढली तर?"

"किल्लीचा सबंध न्हाई. सरळ बॅटरीवर हाय. गाडी बंद केली म्हनून पानी लगीच निवतंय का?"

शालन मडगार्डला टेकली. आधी हसली, मग रडकुंडीला आली, मग दोन्ही थांबवून धोंडीबाकडे वळली. "म्हनून घाट पायजे व्हय रं तुला? गाडी तापली की व्हय आनि गारठली की न्हाई?"

धोंडीबा फेटा सारखा करत म्हणाला, "तापल्यावर येतीय एवढं मला ठावं. पंख्याचं आईशप्पथ ठावं नव्हतं. आवं, मी ड्रायव्हर मानूस!"

"आमी पंखा बसवतो," शालन म्हणाली. "पन उद्या पाकळी मी धरनार. गाडी कवा गरम, कवा थंड, ते मी सांगनार."

आई परत श्वास घेणार म्हटल्यावर महाराज तयार झाले. माणूस भोळा असतो तो असा.

दुपारच्या एसटीने मी आणि अर्जुना सांगली गाठली. जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे तसलाच पंखा मिळाला. अर्जुनाने तो तिथल्या तिथे बॅटरीवर फिरवून बघितला, मगच घेतला. रविवारी सकाळी बसवताना तो मला दहादा बजावत होता, "वायरी उलट्या लावू नको, वारं भायेर येईल."

"लावूया की," मी म्हणालो. "आई नैवेद्य परत करंल."

दुपारी चावडीपुढचं पटांगण पुन्हा भरलं. गाडी सकाळपासून उभी, गार. शालन पुढे झाली आणि तिने ज्याचं कुणी नाव काढलं नव्हतं तोच प्रश्न विचारला.

"आई, तू हाईस का?"

पाकळी खाली पडली.

गर्दीतून एक अस्वस्थ आवाज उठला. "आवं, गाडी थंड हाय!" धोंडीबा ओरडला. ओरडल्यावर त्याने जीभ चावली, पण ऐकणाऱ्यांनी ऐकलं होतं.

"बरं, तापव."

गाडी घाटात जाऊन आली. किल्ली काढली. घुर्र! "आई, तू हाईस का?" पाकळी सर्रकन आत. महाराजांनी आरोळी ठोकली, हॉर्नही वाजला. "हाय म्हनली! बगा, हाय म्हनली!"

"थांबा जरा," शालन म्हणाली.

सगळे थांबले. कुणी खोकलं, कुणी बिडी विझवली. पंखा फिरून फिरून आपोआप थांबला. शालनने तिसऱ्यांदा विचारलं. पाकळी तिच्या पायाशी पडली.

मग अर्जुनाने बॉनेट उघडून पंखा दाखवला, जुना जळलेलाही दाखवला, आणि स्विचच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या. गार गाडी पुन्हा श्वास घेऊ लागली. वायरी सोडल्या, श्वास बंद. जोडल्या, चालू. नानासो पुढे आला आणि त्याने स्वतः तीन वेळा करून बघितलं.

"व्हय, न्हाई, व्हय," तो म्हणाला. "लयच सोपं हाय की गड्या."

आकारामनाना मात्र जागचे हलले नव्हते. सवयीने त्यांच्या हातात पाकळी होतीच. "मग पोरीचं काय म्हनती गाडी?"

"नाना," शालन म्हणाली, "तुमी काय म्हनता?"

नाना गोंधळले. त्यांनी गाडीकडे बघितलं, धोंडीबाकडे बघितलं, मग लेकीकडे. "मला आजवर कुनी इचारलंच न्हाई गं," ते म्हणाले. हातातली पाकळी त्यांनी खिशात घातली. "जा. पन पोचल्यावर कागद धाड."

सोमवारी पहाटे ती मिरजेच्या एसटीत बसली.

यात शिकण्यासारखं फार नाही. तापलं की फिरतं, निवलं की थांबतं. हे शोधायला विद्वान लागत नाही, तोच प्रश्न दोनदा विचारायची हिंमत लागते, आणि उत्तर बदललं तर ते का बदललं हे बघायला बॉनेट उघडावं लागतं. आम्ही सहा महिने पाकळ्या धरल्या, बॉनेटला कुणी हात लावला नाही. म्हणून मी खालील अर्ज रीतसर पाठवला आहे.

मे. जिल्हाधिकारी साहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज ऐसा की, जिल्ह्यातील सर्व चमत्कारांची वर्षातून एकदा थंड असताना व एकदा गरम असताना सरकारी तपासणी व्हावी. ज्या देवस्थानास पेट्रोल लागते त्याची नोंद वाहन म्हणून करण्यात यावी. आणि ही व्यवस्था अमलात येईपर्यंत, मुलीने पुढे शिकावे की नाही हा प्रश्न तूर्त त्या मुलीलाच विचारण्याची तात्पुरती परवानगी सर्व गावांस मिळावी, ही नम्र विनंती.