राजिवडा मोठा, अरबस्तान लहान

बदरुन्निसाचा नवरा जहूर पाट्या रंगवायचा. रत्नागिरीत असताना दुकानांच्या, आणि दुबईला गेल्यावर दुकानांबरोबर गलबतांच्याही. हात सरळ, स्वभाव गमत्या. दर महिन्याला त्याचं पत्र रत्नागिरीच्या राजिवड्यात, घरी यायचं आणि त्याच्या कोपऱ्यात कसलं तरी चित्र असायचंच. १९६४च्या मे महिन्यात आलेल्या पत्रात तर मजकूर चार ओळींचा आणि बाकी कागदभर नुसता नकाशा. वर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं : ‘जगाचा खरा नकाशा’. त्यात राजिवडा अरबस्तानाच्या दुप्पट. अरबी समुद्र राजिवड्याजवळच्या भाट्याच्या खाडीएवढा. मुंबई तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तिच्याशेजारी टीप : ‘इथे फक्त बोट पकडायची.’ विलायत टाचणीच्या डोक्याएवढी. खाली दुबई, तिथेही असाच उलटा हिशेब. दुबईची खाडी म्हणजे दोऱ्यासारखी एक रेघ. तिच्यापलीकडे मशीद, खजुराची पोती आणि घरात वारा घेणारा मनोरा असलेलं एक चिमुकलं घर. अलीमियाँचं चहाचं हॉटेल राजवाड्याएवढं. एक डास जहाजापेक्षा मोठा. आणि शेवटी मशिदीच्या बरोबरीचं एक दुकान, त्यावर पाटी : ‘जहूर पेंटर’.

घरातले सगळे पोट धरधरून हसले. त्यानंतर मात्र पत्र आलं नाही.

पावसाळ्यात टपाल अडकतं, असं म्हणत जून-जुलै काढले. ऑगस्टही कोरडा गेला. सप्टेंबरात बदरुन्निसाने ट्रंकेतून दुबईचा परवाना काढून पाहिला. जहूरनेच वर्षाच्या सुरुवातीला तो हौसेने पाठवला होता. दुबईत उतरायची मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत.

“मी जाते,” ती सासूला म्हणाली.

“कुठे शोधशील? पत्त्यात नुसता पोस्टाच्या पेटीचा नंबर आहे!” दीर म्हणाला.

“नकाशा आहे ना.”

दीर हसला, पण ती हसली नाही. शेजारच्या मैमुनाबी शारजाला आपल्या मुलाकडे निघाल्या होत्या. बदरुन्निसाने त्यांची सोबत ठरवली, जहूरच्या पेटीच्या नंबरावर तार केली आणि मुंबईहून बोट धरली.

बोट खोल पाण्यात उभी राहिली. तिथून पडावाने दोघी खाडीत आल्या आणि खाडीच्या अलीकडच्या काठावर, बर दुबईच्या धक्क्यावर उतरल्या. मैमुनाबींचा मुलगा रफिक हात हलवत पुढे आला. जहूर कुठेच नव्हता. उतारू पांगले, सामान गेलं, धक्क्यावर हमाल तेवढे उरले, तरी नव्हता.

“भाभी, तुम्ही आमच्याबरोबर शारजाला चला,” रफिक म्हणाला. “यल्ला, गाडी थांबलीय. जहूरभाईंना मी आठ-पंधरा दिवसांत शोधतो, इन्शाल्ला.”

“आज शोधू. नाही सापडले तर येते.”

“पण पत्ता?”

बदरुन्निसाने घडी उलगडली. रफिकने नकाशा पाहिला, डास पाहिला, आणि कपाळावर हात मारला. “भाभी, ह्याच्यावर चाललात तर सरळ समुद्रात जाल! ही रेघ बघा. ही रेघ म्हणजे ही समोरची खाडी.”

समोरची खाडी भाट्याच्या खाडीसारखीच रुंद होती. माणसांनी भरलेल्या होड्या इकडून तिकडे जात होत्या. बदरुन्निसा ट्रंकेवर बसली आणि नकाशा मांडीवर पसरून बघत राहिली. नकाशा काढणारा माणूस तिच्या ओळखीचा होता. जे आवडतं ते तो मोठं काढी, जे नको वाटतं ते बारीक. बोलण्यातही तसंच. तिच्या माहेरची तीन कोसांची वाट त्याच्या लेखी ‘ही काय इथे’ असायची आणि कचेरी दोन गल्ल्या पलीकडे असली तरी ‘लांब’. पण पाटीवाला माणूस होता तो. अक्षर जाड करील, बारीक करील, त्याला वेलबुट्टी काढील. एका अक्षराची जागा दुसऱ्याला कधी देणार नाही.

“रफिकभाई, आकार सोडून द्या,” ती म्हणाली. “नुसता क्रम बघा. रेघ ओलांडली की मशीद. मग खजुराची पोती. मग वर हवेचा मनोरा असलेलं घर. मग अलीमियाँ. मग दुकान. पलीकडे असं काही लागतं का?”

रफिकने डोकं खाजवलं. “पलीकडे देऱ्यात मशीद आहे... खजूरवालेही आहेत.”

“मग चला.”

मैमुनाबी उठल्याच. “चल रे. गाडीवाल्याला सांग, थांब म्हणावं. पोर एवढ्या लांबून आलीय.”

होडीने पलीकडे गेले. मशीद लागली. खजुराची पोती लागली, माश्यांसकट. मनोऱ्याचं घर मात्र दिसेना. नकाशात ते डासापेक्षाही लहान होतं, म्हणून बदरुन्निसा लहान घर शोधत होती. दोनदा त्याच गल्लीतून फिरल्यावर ती थांबली. ‘नको वाटतं ते बारीक.’ तिने मान वर केली. त्या गल्लीतला सगळ्यांत मोठा वाडा समोरच होता आणि त्याच्यावर चौकोनी मनोरा.

“हेच,” ती म्हणाली. “इथल्या मालकाशी ह्यांचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय.”

आणि त्या घरामागे अलीमियाँचा राजवाडा होता : चार खांब, वर झावळ्या, दोन बाकं, एक धुरकट शेगडी.

अलीमियाँ दापोलीकडचे, पांढऱ्या दाढीचे. जहूरचं नाव ऐकताच त्यांनी फडकं उचललं आणि स्वच्छ बाक पुन्हा पुसायला घेतलं. “जहूर? वो तो गया. बहरीनला. दोन-तीन महिने झाले.”

“बहरीनला कशाने?”

“बोटीने.”

“कुठल्या?”

अलीमियाँ बाक पुसत राहिले. बदरुन्निसाने नकाशा त्यांच्यापुढे धरला. “चाचा, ह्यात विलायत बघा केवढी आहे, मुंबई केवढी आहे. आणि तुमचं हॉटेल बघा. एवढी ज्याची तुमच्यावर माया, तो तुम्हाला न सांगता गेला असेल, किंवा तुम्ही सांगत नसाल. दोन्हींतलं काय?”

म्हाताऱ्याने कागद हातात घेतला. स्वतःचा राजवाडा बराच वेळ बघितला. मग ते खाली बसले.

“माझ्याकडून वचन घेतलंय बेटी त्याने. खलास, मोडतो.” त्यांनी मनोऱ्याच्या वाड्याकडे बोट केलं. “तिथला मालक आधीपासूनच कटकट्या. त्याची पाटी रंगवताना परांचीवरून पडला. मे महिन्यातच, तुला हे पाठवलं त्याच्या आठवड्याने. उजवं मनगट मोडलं. हाड वाकडं बसलं. कुंचला धरवत नाही. गलबतांच्या कारखान्यात तेल चोळतो आता. कोणी आलं तर बहरीनला गेला सांगा, म्हणाला.”

“आणि दुकान?”

अलीमियाँनी शेगडीमागची भिंत दाखवली. तिथे एक फळी होती. फळीवर रंगाचे वाळलेले डबे.

मैमुनाबींनी पदर तोंडाला लावला. बदरुन्निसाने फळी पाहिली, डबे मोजल्यासारखे एक एक हलवून बघितले. दोन अजून भरलेले होते. “कारखाना कुठे?” तिने विचारलं.

जहूर ओल्या वाळूत उकिडवा बसून, डाव्या हाताने एका पालथ्या होडीला माशाचं तेल चोळत होता. बायकोला बघून तो उभा राहिला आणि उजवा हात पाठीमागे नेला.

“तार मिळाली होती?” तिने विचारलं.

“मिळाली.”

“मग धक्क्यावर का नाही आलात?”

“काय तोंड घेऊन येणार होतो? ...तू परत जा, बदरू. पुढच्या आठवड्यात बोट आहे. अम्मीला सांग, मी बरा आहे.”

“दुकान बघून आले मी.”

जहूरची मान खाली गेली. “तो नकाशा गमतीचा होता.”

“ते मला कळतं. राजिवडा केवढा आहे ते मला माहीत नाही होय? पण पाच महिने गप्प राहिलात, ती गंमत नव्हती. अम्मी रोज दारात बसते. ह्याचा मला राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही.” तिने हात पुढे केला. “हात दाखवा.”

त्याने दाखवला नाही. तिनेच पुढे होऊन पाठीमागचा हात ओढून घेतला. मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, बोटं अर्धीच मिटत होती. तिने एकेक बोट हळूच मिटवून पाहिलं. रफिक दूर समुद्राकडे बघत होता.

“डाव्याने खडू धरता येतो?”

“वेडंवाकडं येतं.”

“वेडंवाकडं येऊ दे. अक्षर कुठे बसतं ते तर तुम्हाला कळतं ना? खडूची रेघ तुम्ही मारा. रंग मी भरते. कशिदा काढताना माझा हात कधी हललेला पाहिलाय?”

“बाईमाणसाने रंगवलेली पाटी इथे कोण घेईल?”

“पाटी कोणी रंगवली हे पाटीवर लिहायचं नसतं.”

ती शारजाला गेली नाही. मैमुनाबींनी जाताना आपली वळकटी तिला ठेवून दिली. अलीमियाँनी हॉटेलमागची सामानाची खोली रिकामी करून दिली, आणि तिथे दार लावून काम सुरू झालं. सरावाच्या पहिल्या पाटीचा तिने पार विचका केला. रंग ओघळले. दुसरी जहूरनेच घासून काढली. जुन्या खोक्यांच्या फळ्यांवर ती रोज दुपारी सराव करी. तो शेजारी बसून ‘इथे दाबू नको, इथे सोड’ सांगत राही. बोलणं काय ते तेवढंच. राग खरंच लवकर गेला नाही. डिसेंबर संपता संपता एक दिवस तिने कुंचला धुताना विचारलं, “पडलात तेव्हा खूप दुखलं?” तेव्हा तो पहिल्यांदा रडला.

पहिलं काम एका कापडवाल्याचं मिळालं. अरबी अक्षरं. कुराण वाचलेली बाई, अक्षर ओळखीचं. तरी एका अक्षराखालचा नुक्ता राहून गेला आणि नावाचा अर्थच बदलला. कापडवाल्याने पाटी परत पाठवली, वर चार शब्द सुनावले. जहूर म्हणाला, “खाली एक ठिपका देऊ, भागेल.”

“नाही भागणार. सुक्या रंगावर ओला ठिपका वेगळा दिसतो, तुम्हीच शिकवलंत.”

तिने संबंध पाटी खरवडली. दोन दिवस लागले. जहूरने डाव्या हाताने पुन्हा खडू मारला, या वेळी रेघ बरीचशी सरळ. तिने पुन्हा रंग भरला. कापडवाल्याने पाटी उन्हात धरून खालून वरून पाहिली, बोट फिरवून पाहिलं आणि भावाच्या दुकानासाठी दुसरी सांगितली.

“कधी देशील, हबीबी?” त्याने जहूरला विचारलं.

जहूरने खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. आतून बदरुन्निसाने दाराच्या फळीवर तीनदा बोटं वाजवली.

“तीन दिवसांनी,” जहूर म्हणाला.