तीन नंबरची खुर्ची

मित्रांनो, मी एक खुर्ची. साधी, लाकडी, निळ्या गादीची, आणि आता चांगलीच जुनी. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'तीन' हा आकडा काढलेला आहे. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव काही फार चांगला नाही. मला दुसऱ्याचे चांगले झालेले बघवत नाही. लोक म्हणतात, लाकडाला मन नसते. नसेल बापडे. पण पोटदुखी असते, ती मी अकरा वर्षे सोसली आहे.

माझा जन्म एका टीव्ही स्टुडिओच्या मागच्या सुतारशाळेत झाला. आम्ही तिघी बहिणी, एकाच फळीतून कापलेल्या, एकाच दिवशी जोडलेल्या. सुताराने आधी मधली उभी केली, मग पहिली, आणि मी शेवटची, म्हणून घाईघाईत. माझ्या सांध्यांतला सरस अजून ओलाच होता, तेवढ्यात दारातून दिग्दर्शिकाबाईंची हाक आली.

"झाल्या का खुर्च्या? तासाभरात पडदा उघडायचाय!"

"दोन झाल्यात, ताई. तिसरी उद्या न्या."

"उद्या नेऊन काय करू? तिघांचा खेळ आहे, दोघं बसतील आणि तिसरा काय लोंबकळेल?"

झाले. मला तशीच उचलून नेली.

खेळाचे नाव होते 'तिघांतला एक'. पडदा उघडला की आम्हा तिघींवर तीन माणसे बसलेली असत. तिघेही छातीठोकपणे एकच सांगत. कोणी म्हणे, 'मीच तो सापांचे विष काढणारा', की उरलेले दोघेही म्हणत, 'छे, तो मीच!' त्यांतला एक खरा आणि दोन तोतये. समोरच्या टेबलामागे तीन परीक्षक बसत. एक दातांचे डॉक्टर, एक नकलाकार, आणि एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. ते तिघांना उलटसुलट प्रश्न विचारत आणि शेवटी आपापले मत देत. मग निवेदक आवाज चढवून म्हणे, "जो खरा असेल, त्याने उभे राहावे!" क्षणभर सगळे चिडीचूप. आणि मग त्या शांततेत खरा माणूस हळूच उठे. टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतले जाई. त्या एका क्षणासाठी लोक तासभर घरी टीव्हीसमोर बसून राहत.

पहिल्या दिवशी तो मान मला मिळाला होता, हे आज कोणाला सांगून पटणार नाही. समुद्रात उतरून जहाजांचे तळ दुरुस्त करणारा एक पाणबुड्या माझ्यावर बसला होता. निवेदकाने हाक दिली. स्टुडिओत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पाणबुड्या उठला, आणि मी ओरडले, कर्रर्र! कार्यक्रम थेट दाखवला जात होता, म्हणजे झाकपाक करायला वावच नव्हता. प्रेक्षक खो खो हसले. बिचारा पाणबुड्या लाल झाला आणि काही चूक नसताना लोकांची माफी मागू लागला. काचेच्या खोलीत ध्वनिमुद्रकाने कानांवरचे यंत्र ओढून काढले आणि म्हणाला, "माझ्या कानाचे पडदे फाडणार का ही बया?"

खरे तर माझा एक सांधा सैल राहिला होता, एवढेच. पण खुर्ची म्हणजे सुतारांचे खाते आणि आवाज म्हणजे ध्वनिमुद्रकाचे. ध्वनिमुद्रक म्हणाला, लाकूडकाम माझ्याकडे नाही. सुतारांना वाटले, तक्रार आली तर बघू. मग ध्वनिमुद्रकाने त्याच्या हातात होते तेवढे केले. त्याने भिंतीवर कागद डकवला: 'खरी व्यक्ती तीनवर बसवू नये. तीनवरच्या तोतयाने जागचे हलू नये.' रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच. खुर्ची कोणी दुरुस्त केली नाही, नियम मात्र एका दिवसात झाला.

तेव्हापासून अकरा वर्षे माझ्या वाट्याला फक्त तोतये आले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, माणूस खरा काय नि खोटा काय, खुर्चीला त्याचे वजनच कळणार. तसे नसते हो. आपल्या कामाविषयी बोलणारा माणूस पाठ टेकून बसतो. तोतया काठावर बसतो, त्याच्या टाचा उचललेल्या असतात आणि घामाने गादी ओली होते. विमान चालवणाऱ्या बाई, भूकंप मोजणारे आजोबा, वाघाला भूल देणारा डॉक्टर, सगळे सगळे माझ्या बहिणींवर बसले. माझ्यावर कोण? आदल्या दिवशी पाठांतर करून आलेला बसचालक, किंवा ग्रंथालयातली बाई.

मधलीवर तर माझा विशेष राग. खरी माणसे बहुतेक वेळा तिच्याच पदरात पडत. सहाव्या वर्षी तिला नवी गादी मिळाली. 'ती जास्त दिसते ना पडद्यावर,' म्हणे! झाडणाऱ्या मावशी सुद्धा फडके हातात घेऊन आधी तिच्याकडे जात आणि उरलेल्या मळक्या फडक्याने मला पुसत. नावडतीचे मीठ अळणी, दुसरे काय. तिच्यावरून कोणी खरा उठला आणि टाळ्या वाजल्या, की माझ्या अंगाचा तिळपापड होई. एकदा तिचा पाय मोडावा म्हणून मी तीन आठवडे मनोमन वाट पाहिली. मोडला नाही. तिने कधी माझे वाईट चिंतले नाही, यानेही मी जळत असे.

पुढे तर आणखी वाईट झाले. मोठ्या बाईंनी तीस वर्षे कॉपी करणारी मुले पकडली होती. त्यांच्या नजरेतून किती दिवस सुटणार? खरा माणूस तीनवर कधीच नसतो, हे त्यांनी ताडले. का नसतो ते त्यांना ठाऊक नव्हते, कारण त्या दुसऱ्या वर्षी परीक्षक झाल्या, पाणबुड्या त्यांनी पाहिलाच नव्हता. पण तेवढ्याची गरजही नव्हती. त्यांनी तीन नंबरला प्रश्न विचारणेच सोडून दिले. त्यांचे बघून डॉक्टरांनी सोडले, आणि नकलाकार तर काय, दुसऱ्याचे बघून करण्यातच त्याचा हातखंडा. बाईंचे उत्तर वारंवार बरोबर येऊ लागले. सगळे म्हणत, काय हुशारी! आणि मी म्हणे, आता तर माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

अशात एक दिवस घड्याळवाली आली.

मनोऱ्यांवरची, चौकांतली मोठमोठी घड्याळे दुरुस्त करणारी ही बाई. पन्नाशीची, हडकुळी, हातात काठी. एका मनोऱ्याच्या जिन्यावरून पडल्यापासून तिचा एक गुडघा धड वाकत नसे. आम्ही उभ्या होतो त्या चौथऱ्याला पायऱ्या होत्या, आणि पहिली व मधली आणखी पायरीभर वर होत्या. उतार फक्त माझ्या बाजूला होता, कॅमेरा चढवण्यासाठी केलेला. दुपारी ती जागा बघायला आली आणि दिग्दर्शिकाबाईंनी तिला सरळ माझ्यावर आणून बसवले.

"तुम्ही इथंच बसा. पायऱ्यांची कटकट नको."

ध्वनिमुद्रक धावत आला. "ताई, नियम आहे! ती कुरकुरते."

"कुरकुरू दे. माणूस पडण्यापेक्षा खुर्ची ओरडलेली बरी."

घड्याळवाली हसली. ती पाठ टेकून बसली होती. अकरा वर्षांनी माझ्या पाठीला कोणाची तरी पाठ लागली.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "मला प्रश्न विचारतील ना?"

"म्हणजे काय! खेळच तो आहे."

"नाही, घरी सगळी टीव्हीसमोर बसणार आहेत. दुकानावर पाटी दिरांच्या नावाची आहे. पेपरात फोटो येतो तोही त्यांचाच. अजूनही काठी टेकत वर चढते मी, चाकं उतरवते मी, आणि लोक खालून म्हणतात, भाऊंनी घड्याळ चालू केलं. मी बोलायला गेले की भाऊजी म्हणतात, वहिनी, तुम्ही चहाचं बघा. आज मी बोलेन तेव्हा त्यांना मध्ये बोलता येणार नाही. कोणीतरी कामाचं विचारलं की झालं."

मित्रांनो, हे ऐकून मला तिची दया यायला हवी होती. पण खरे सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हे की आज मधलीची जिरणार! आज टाळ्या माझ्यावरून उठणार! मी संध्याकाळपर्यंत अशी ताठ उभी होते, जसे काही घड्याळे मीच दुरुस्त केली होती.

पडदा उघडला. पहिलीवर एक शिंपीण बसली होती आणि मधलीवर पोस्टातली एक बाई. दोघी तोतया, दोघी पाठांतरात पक्क्या. मोठ्या बाईंनी चष्मा सावरला.

"एक नंबर, मनोऱ्यावरचं घड्याळ थंडीत पुढं का जातं?"

शिंपीण काहीबाही बोलली. माझ्यावर बसलेली घड्याळवाली पुढे झुकली. तिला उत्तर येत होते, तिची बोटे माझ्या हातावर टकटक करू लागली. पण पुढचा प्रश्न मधलीला गेला. त्याच्या पुढचा पुन्हा पहिलीला. डॉक्टरांनी विचारले ते मधलीला. नकलाकाराने लंबक होऊन दाखवले, सगळे हसले, आणि त्यानेही प्रश्न टाकला तो पहिलीलाच. दर प्रश्नाला घड्याळवाली जराशी पुढे येई आणि दर वेळी मागे टेके. मग तिने मागे टेकणेही सोडले. ती काठावर बसली, टाचा उचलून, तोतये बसतात तशी.

निवेदकाने विचारले, "तीन नंबरला कोणाचा प्रश्न?"

"तीनला राहू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "वेळ कमी आहे."

तेव्हा माझा मत्सर कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी भीती आली. हिला कोणी विचारत नव्हते, ते माझ्यामुळे. ती कोण आहे, याच्याशी कोणाला देणेघेणे नव्हते. ती कुठे बसली आहे, एवढेच त्यांनी पाहिले होते. तिच्या घरी दीर आता काय म्हणत असतील, हे मला इथे बसून ऐकू येत होते.

मते पडली. दोन मते मधलीला, एक पहिलीला. निवेदक म्हणाला, "जी खरी असेल, तिने उभे राहावे!"

पोस्टातली बाई खेळाच्या रिवाजाप्रमाणे अर्धवट उठल्यासारखी झाली आणि बसली. मग घड्याळवालीने काठी टेकली. मी सगळा जोर लावून गप्प राहायचे ठरवले, पण ठरवून का सांधा घट्ट होतो? कर्रर्र! अकरा वर्षांचे साठलेले सगळे बाहेर पडले. प्रेक्षकांत हशा पिकला.

"तीन?" मोठ्या बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "पण तीन कधीच नसतो! इतक्या वर्षांत एकदाही नव्हता!"

सगळ्या देशादेखत त्या हे बोलून गेल्या आणि मग त्यांनी जीभ चावली. टाळ्या वाजल्याच नाहीत. मी ज्या क्षणासाठी झुरत होते, तो असा आला.

घड्याळवाली मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे वळली होती. तिने माझी पाठ धरून मला एकदा पुढे दाबले, एकदा मागे, आणि मान तिरकी करून ऐकले.

"उजवा मागचा पाय," ती म्हणाली. "वरचा सांधा नव्हे, आडव्या पट्टीचा, आतल्या बाजूचा. सरस ओला असताना कोणीतरी हलवलीय हिला."

निवेदकाने हसत हसत मला उलटी केली, पट्टी धरून ओढली, आणि त्याचे हसू थांबले. पट्टी त्याच्या हातात बोटभर बाहेर आली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज ऐकून बिघाड ओळखायचा, हेच तर काम आहे माझं. मनोऱ्यावर अंधारच असतो. तिथं डोळे काय कामाचे?" तिने सुटलेल्या पट्टीवर बोट फिरवले. "इतकी वर्षं ओरडतेय ही. कोणी वाकून बघितलं नाही?"

काचेच्या खोलीत ध्वनिमुद्रकाने मान खाली घातली. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. खेळात परीक्षकांनी उभे राहायचे नसते, पण त्या राहिल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे पाहिलंच नाही, खुर्चीकडे पाहिलं. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाला मी असं कधी केलं नव्हतं. दोन मिनिटं उरलीत. आता विचारू का?"

"विचारा ना."

"तुमच्या गावची घड्याळं कोण दुरुस्त करतं?"

"मी करते," घड्याळवाली म्हणाली. पाय दुखत असूनही ती बसली नाही. थंडीत लंबकाची दांडी आखडते, म्हणून घड्याळ पुढे धावते, हेही तिने सांगितले. दोन मिनिटांची पाच झाली. दिग्दर्शिकाबाईंनी हाताने खूण केली की चालू द्या.

दुसऱ्या दिवशी माझा सांधा बसवला गेला. अर्ध्या तासाचे काम. भिंतीवरचा कागद निघाला, आणि त्यानंतर माझ्यावरूनही खरी माणसे उठली, टाळ्या वाजल्या. मी नीट ऐकले. त्या टाळ्यांत खुर्चीचा वाटा शून्य असतो. मधलीला हे पहिल्यापासून माहीत असावे. तरीही तिच्यावर कोणी मोठा माणूस बसला की मला आतून थोडे टोचतेच. जित्याची खोड, जायची नाही.

आता कार्यक्रम बंद झाला आहे आणि आम्ही तिघी सामानाच्या खोलीत आहोत. तिथे बसून मी त्या बसचालकाचा विचार करते, त्या ग्रंथालयातल्या बाईचा. रात्र रात्र पाठांतर करून ते आले होते आणि तासभर माझ्यावर गप्प बसून गेले. एकालाही कोणी काही विचारले नाही. मी मधलीकडे बघण्यात इतकी दंग होते, की माझ्यावर कोण बसले आहे हे मीही पाहिले नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात काही कुरकुरत असेल, तर त्याला कोपऱ्यात सारण्याआधी एकदा वाकून बघा. आणि तीन नंबरवर कोणीही बसलेले असो, खरे असो की तोतया, त्याला एक तरी प्रश्न विचारा.