डोंगरकड्याच्या शाळेतला भाता

मी एक जुना भाता आहे, मित्रांनो. डोंगरकड्याच्या शाळेत मोडक्या बाकांमागे मला टेकवून ठेवलंय. कातडं वाळलंय, एक कोपरा उंदरांनी कुरतडलाय. तरी अजून जीव आहे माझ्यात, आणि थोडा तोराही.

माझं कातडं सोनाजी धनगराच्या बोकडाचं. धर्मसिंग लोहारानं ते सागाच्या दोन फळ्यांमध्ये शिवलं आणि पुढे लोखंडी नळी बसवली. दोरी ओढली की मी श्वास घ्यायचो, सोडली की निखारे फुलायचे. साऱ्या गावाचे विळे, खुरपी, फाळ माझ्या वाऱ्यावर तापले. लोक मात्र नाव धर्मसिंगाचं घ्यायचे. मला राग यायचा, पण भात्याच्या रागाला कोण विचारतो?

तिकडे जगात मोठी लढाई चालू होती त्या सालची गोष्ट. संतराम मास्तरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. पोरं शाळा संपवून बाहेर पडतात आणि पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नसतं, ही गोष्ट त्यांना फार डाचायची. म्हणून दर बाजाराच्या दिवशी गावातला एक कारागीर शाळेत यावा आणि पोरांनी त्याचं काम स्वतः करून पाहावं, असं त्यांनी ठरवलं. कुंभार आला, शिंपी आला. मग धर्मसिंगाबरोबर मी आलो आणि मुक्कामालाच राहिलो.

शाळेची खोली व्यंकटराव जमीनदारांची. त्यांचा लेक ज्ञानबा ऐरणीपाशी रमतो, चामड्याला हात लावून घरी येतो, हे त्यांना सोसेना. विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय ते त्याला उंबरा ओलांडू देत नसत. शेवटी एक दिवस ते शाळेत येऊन धडकले. भाता बाहेर काढा, नाहीतर शाळाच दुसरीकडे न्या, असं त्यांनी बजावलं. मास्तरांनी हात जोडले, पण माघार घेतली नाही. पोरांनी तुमच्या कुऱ्हाडीला पाणी देऊन, म्हणजे पातं तापवून पाण्यात बुडवून, धार टणक करून दाखवली तर भाता राहील, धार उडाली तर मीच तो उचलून नेईन, असं ते बोलून बसले. व्यंकटरावांनी वर अट घातली, की धर्मसिंगानं कशालाही हात लावायचा नाही.

ठरल्या दिवशी अंगणात गाव जमलं. ज्ञानबाच्या हातात सांडशी आणि सांडशीत वडिलांची कुऱ्हाड. माझी दोरी सोनाजीच्या लेकीकडे, अनुसयेकडे. पातं कमी तापलं तर धार मऊ राहते, जास्त तापलं तर ठिसूळ होऊन पहिल्याच घावाला उडते. वारा एकसारखा हवा. मी जिवाच्या आकांतानं तो देत होतो.

आणि माझी शिवण उसवली.

वारा बगलेतून निसटू लागला. निखारे काळवंडले. अनुसयेला दोरी सोडता येईना, ज्ञानबाला सांडशी. धर्मसिंग अर्धवट उठला, अट आठवून पुन्हा खाली बसला. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

ज्ञानबानं मान वर केली नाही. तो वडिलांना म्हणाला, "आबा, तिथं हात दाबून धरा. कुऱ्हाड वाया जाऊन राहिली."

व्यंकटराव एक पाऊल पुढे आले आणि थांबले. मग त्यांनी गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे माझ्या उसवलेल्या जागेवर दाबले. वारा नळीकडे वळला, पातं लाल झालं, ज्ञानबानं नेमक्या वेळी धार पाण्यात बुडवली. मग त्यानं बाभळीच्या ओंडक्यावर घावामागून घाव घातले. धार जशीच्या तशी राहिली.

व्यंकटराव आपल्या काजळीनं काळ्या झालेल्या हातांकडे बघत राहिले. त्यांनी लेकाला विचारलं तेव्हा आवाजात राग नव्हता, भीती होती. "आता तू लोहारच व्हनार काय?"

"न्हाई आबा. मला शेतीच करायची हाय. पर ते मला हितं ऐरणीपाशी फाळ घडवताना कळलं."

व्यंकटरावांचा जीव भांड्यात पडला. सगळं निभावलं असं समजून लोक उठायला लागले. तेवढ्यात दोरी हातात तशीच धरून अनुसया बोलली, "मला कोनी इचारलंच न्हाई. मला व्हायचंय लोहार. भाता न्हाई ओढायचा, हातोडा मारायचाय."

काही जण हसले. सोनाजीनं मान खाली घातली. धर्मसिंग मात्र उठला आणि त्यानं आपला हातोडा तिच्यापुढे धरला.

आज ती हट्टा गावी धर्मसिंगाच्या नव्या भट्टीवर काम करते. तिची खुरपी औंढ्याच्या जत्रेत हातोहात खपतात. इथली शाळा मात्र गेल्या साली संस्थानातल्या लढ्याच्या धामधुमीत बंद पडली. परवा ती उघडली, पण नवे मास्तर मला अडगळ समजतात.

मित्रांनो, माझी शिवण घाला, कातड्याला तेल चोळा, एवढं मागणं आहेच. पण त्याआधी तुमच्या वर्गात एक करा. पुढे कोणाला काय व्हायचंय हे विचाराल, तेव्हा नुसतं ऐरणीपाशी उभ्या असलेल्याला विचारून थांबू नका. दोरी ओढणाऱ्या लेकरालाही विचारा.